घटक ४ : डॉ. कमल रणदिवे – कर्करोगाच्या मुळाचा शोध

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला
१) डॉ. कमल रणदिवे यांच्या जीवनकार्याचा परिचय करून देता येईल;
२) कर्करोगावरील उपायाचा शोध म्हणजे नेमके काय, हे उदाहरणांनी स्पष्ट करता येईल;
३) वैज्ञानिकाच्या चरित्राचे यशापयश कोणत्या निकषांवर ठरवावे, याविषयी स्वतःचे मत मांडता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रांनो, यापूर्वीच्या घटकांत तुम्ही संत, समाजसुधारक आणि राजकीय नेते यांच्या चरित्रांचा अभ्यास केला. त्या चरित्रांना घटनांचा आधार होता. कोठे सत्याग्रह झाला, कोठे सभा गाजली, कोठे तुरुंगवास घडला. वैज्ञानिकाचे चरित्र लिहिताना असा आधार सहसा मिळत नाही. त्याच्या आयुष्याची बहुतेक वर्षे बंद खोलीत, सूक्ष्मदर्शकापाशी जातात. म्हणून असे चरित्र वाचताना वाचकाला थोडी वेगळी दृष्टी ठेवावी लागते. व्यक्तीने काय केले याबरोबरच तिने कोणता प्रश्न आयुष्यभर उराशी धरला, हे पाहावे लागते.

तुम्ही पाथर्डी किंवा आसपासच्या गावी राहून हा घटक वाचत असाल, तर कर्करोग हा विषय तुम्हांला परका वाटणार नाही. गावातील कोणाला तरी मुंबईला ‘टाटा’ला नेले, हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. त्या वाक्यात भीती असते आणि आशाही असते. या आजारावर रामबाण औषध कधी निघणार, असा प्रश्न त्यापाठोपाठ विचारला जातो. ज्यांच्या आयुष्याच्या आधारे या प्रश्नाचा विचार करता येईल, अशा एका मराठी स्त्रीचे चरित्र आपण येथे पाहणार आहोत. तिच्या कार्याचा शेवटचा टप्पा आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यात, काही अंशी घडला, हे या निवडीचे आणखी एक कारण आहे.

४.२ जडणघडण

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. त्यांचे वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत असत. आपल्या सर्व मुलांना उत्तम शिक्षण मिळावे, असा त्यांचा कटाक्ष होता. मुलींच्या शिक्षणाकडे समाज अद्याप संशयाने पाहत होता, असा तो काळ होता, हे येथे लक्षात घ्या. कमल यांचे शालेय शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत झाले. १८८४ साली सुरू झालेल्या या शाळेने महाराष्ट्रातील मुलींच्या अनेक पिढ्या घडवल्या.

कमल यांनी वैद्यक शिकावे आणि डॉक्टरशीच विवाह करावा, अशी वडिलांची इच्छा होती. कमल यांनी दोन्ही बाबतींत वेगळा मार्ग धरला. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे विषय घेतले आणि विशेष प्रावीण्यासह पदवी मिळवली. १९३९ साली त्यांचा विवाह जे. टी. रणदिवे यांच्याशी झाला. ते गणिताचे अभ्यासक होते. विवाहानंतर त्या मुंबईस आल्या. लग्न झाले आणि शिक्षण संपले, ही त्या काळातील बहुसंख्य मुलींची कथा होती. येथे मात्र पतीने पत्नीच्या पदव्युत्तर अभ्यासाला मनापासून साथ दिली. संसार करीत अभ्यास पुढे नेणाऱ्या तुमच्यासारख्या प्रौढ विद्यार्थ्यांना या साथीचे मोल वेगळे सांगावयास नको.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी एम.एस्सी.साठी जो विषय घेतला, तो कर्करोगापासून फार दूरचा वाटावा असा होता. सीताफळ आणि रामफळ ज्या वनस्पतिकुळात मोडतात, त्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा त्यांनी अभ्यास केला. पेशीच्या केंद्रकात धाग्यांसारखी गुणसूत्रे असतात आणि आनुवंशिक गुण त्यांच्याद्वारे पुढील पिढीकडे जातात. त्या गुणसूत्रांचे निरीक्षण हा या अभ्यासाचा गाभा होता. १९४३ साली त्यांना ही पदवी मिळाली. माळावरच्या सीताफळाची पेशी आणि माणसाच्या शरीरातील पेशी यांचे विभाजन मुळात सारख्याच नियमांनी होते. हे विभाजन बेबंद झाले की कर्करोग होतो. त्यामुळे वनस्पतींच्या पेशींपाशी घालवलेली ही वर्षे वाया गेली नाहीत. पुढील सर्व कार्याचा पाया त्यांनीच घातला.

४.३ परळचे रुग्णालय आणि गुरूंची भेट

सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहरबाई यांचे १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. या आजारावर भारतात उपचाराची सोय व्हावी, असा ध्यास दोराबजींनी घेतला. पुढच्याच वर्षी त्यांचेही निधन झाले. त्यांच्या नावाच्या न्यासाने हे काम पुढे नेले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईतील परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. वैयक्तिक दुःखाचे सार्वजनिक कार्यात रूपांतर कसे होते, याचे हे एक ठळक उदाहरण होय.

या रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. भारतातील विकृतिशास्त्राचे, म्हणजे रोगामुळे शरीरात होणाऱ्या बदलांच्या शास्त्राचे, ते जनक मानले जातात. रोग्याला बरे करण्याइतकेच रोग का झाला हे शोधणे महत्त्वाचे आहे, या दिशेने त्यांचे सारे काम चालले होते. कमल रणदिवे या रुग्णालयात काम करू लागल्या आणि खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. १९४९ साली मिळवली.

खानोलकरांनीच त्यांना परदेशी जाऊन नवे तंत्र शिकण्यास उत्तेजन दिले. रॉकफेलर प्रतिष्ठानची शिष्यवृत्ती मिळवून त्या अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेल्या. तेथे जॉर्ज गाय या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत त्यांनी ऊतिसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले. ऊतिसंवर्धन म्हणजे शरीरातून काढलेल्या पेशी शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात जिवंत ठेवणे आणि वाढवणे. याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या कर्करोगाच्या पेशींपासून ‘हेला’ नावाचा पेशीवंश तयार झाला आणि तो जगभर पसरला. त्या पेशी तिला न विचारता वापरल्या गेल्या होत्या. विज्ञानाच्या प्रगतीत नैतिकतेचा प्रश्न कसा गुंतलेला असतो, हे या घटनेवरून तुमच्या ध्यानी येईल.

४.४ प्रयोगशाळेची उभारणी

अमेरिकेतील सुसज्ज प्रयोगशाळेत राहणे डॉ. रणदिवे यांना सोयीचे झाले असते. त्या भारतात परतल्या. पुढे परदेशी शिकणाऱ्या भारतीय संशोधकांनीही मायदेशी परत यावे, यासाठी त्यांनी सातत्याने प्रयत्न केले. १९५२ साली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. या केंद्रात त्या वरिष्ठ संशोधन अधिकारी म्हणून रुजू झाल्या. येथे त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्राची प्रयोगशाळा उभारण्यात पुढाकार घेतला. भारतातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारण्याचे श्रेयही त्यांच्याकडे जाते.

प्रयोगशाळा उभारणे म्हणजे इमारत बांधणे नव्हे. पेशी काचपात्रात जगवायची तर तिला शरीरासारखी ऊब लागते, नेमके क्षार लागतात, पोषक द्रव्ये लागतात. एखादा जंतू आत शिरला तर अनेक आठवड्यांचे काम एका रात्रीत नासते. पेशींना ज्या द्रवात वाढवतात, त्याला संवर्धन माध्यम म्हणतात. १९६०च्या दशकाच्या प्रारंभी डॉ. रणदिवे यांनी जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र या दोन्ही शाखांतील सहकारी एकत्र आणून ही माध्यमे व त्यांना लागणारी रसायने केंद्रातच तयार केली. स्वतःचे माध्यम तयार करता आल्याखेरीज संशोधनात स्वावलंबन येत नाही, हे यामागील सूत्र होते.

१९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या. कर्करोगाची उत्पत्ती, पेशीशास्त्र आणि प्रतिकारशास्त्र या विषयांचे नवे विभाग त्यांनी सुरू केले. दोनशेहून अधिक शोधनिबंध त्यांच्या नावावर आहेत.

४.५ संशोधनाचे स्वरूप

आता आपण मूळ प्रश्नाकडे वळू. त्यांनी कर्करोगावर औषध शोधले काय? नाही. मग त्यांनी काय शोधले, हे समजून घेण्यासाठी त्या काळाची पार्श्वभूमी पाहणे आवश्यक आहे.

शस्त्रक्रिया आणि रेडियमचे किरण, हेच दीर्घकाळ कर्करोगावरील मुख्य उपाय होते. १९४८ साली बोस्टन येथे सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना एक रसायन दिले आणि काही मुलांचा आजार तात्पुरता मागे हटला. ते रसायन ज्या गटाने तयार केले, त्याचे प्रमुख आंध्रातून अमेरिकेत गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव हे होते. त्या घटनेने जगभर आशा निर्माण झाली. तथापि, कर्करोग हा एकच आजार नाही. स्तनाचा, अन्ननलिकेचा, रक्ताचा, तोंडाचा असे अनेक आजार या एका नावाखाली येतात आणि त्यांची कारणे भिन्न असतात. कारण न कळता सर्वांवर एकच औषध शोधणे म्हणजे कुलूप न पाहता किल्ली घडवण्यासारखे होय. डॉ. रणदिवे यांनी कुलूप पाहण्याचे काम पत्करले.

स्तनाच्या कर्करोगासाठी त्यांनी उंदरांवर अभ्यास केला. उंदरांच्या काही वंशांत हा रोग वारंवार आढळतो. १९३६ साली जॉन बिटनर या अमेरिकी शास्त्रज्ञाने दाखवून दिले होते की, अशा वंशाची पिल्ले जन्मताच दुसऱ्या वंशाच्या मादीला पाजली, तर त्यांच्यातील रोगाचे प्रमाण घटते. म्हणजे केवळ आनुवंशिकता हे कारण नव्हते, दुधातून काहीतरी जात होते. ते काहीतरी म्हणजे एक विषाणू, हे पुढे स्पष्ट झाले. डॉ. रणदिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत उंदरांचा असा एक स्वतंत्र वंश विकसित केला. एकाच पोटचे नर-मादी पिढ्यान्‌पिढ्या एकत्र ठेवून असा वंश तयार होतो. त्यासाठी वर्षे लागतात. या अभ्यासातून आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू या तीन गोष्टींचा परस्परसंबंध त्यांनी उलगडला.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. उंदरांत जे आढळले ते माणसांत जसेच्या तसे लागू होत नाही. आईच्या दुधातून बाळाला कर्करोग होतो, असे सिद्ध झालेले नाही. उलट, स्तनपानामुळे आईचा धोका काहीसा कमी होतो, असे अभ्यास सांगतात. प्राण्यांवरील निष्कर्ष माणसाला लावताना किती सावध राहावे लागते, याचा हा धडा आहे.

विषाणू आणि कर्करोग यांच्या संबंधाची कल्पना मात्र निरर्थक ठरली नाही. गर्भाशयमुखाचा कर्करोग एका विषाणूमुळे होतो, हे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी दाखवले आणि २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या विषाणूवर लसही निघाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली अशी लस २०२३ साली उपलब्ध झाली. हे यश डॉ. रणदिवे यांचे नव्हे, परंतु ज्या प्रश्नावर त्यांच्या पिढीने आयुष्य वेचले, त्याच प्रश्नाच्या वाटेवरचे ते आहे.

त्यांच्या संशोधनाची दुसरी दिशा आपल्या रोजच्या जीवनाशी निगडित आहे. तंबाखू, चुना, सुपारी आणि पान यांचा तोंडाच्या कर्करोगाशी काय संबंध आहे, हे त्यांनी सहकाऱ्यांसह प्राण्यांवर प्रयोग करून तपासले. १९७०च्या दशकात त्यांनी यावर निबंध प्रसिद्ध केले. दोष तंबाखूचाच, सुपारी निरुपद्रवी, असा समज आजही पुष्कळ ठिकाणी आढळतो. त्यांच्या प्रयोगांत सुपारीचा अर्क दिलेल्या प्राण्यांत गाठी निर्माण झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारी स्वतःच कर्ककारक असल्याचे नमूद केले.

आपल्या ग्रामीण भागात स्त्रिया दातांना मिश्री लावतात. भाजलेल्या तंबाखूची ती भुकटी असते. ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांच्या कनवटीला तंबाखूची पुडी असते, कारण तिने भूक मारली जाते आणि थकवा जाणवत नाही, असे मानले जाते. पाथर्डी तालुक्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. प्रयोगशाळेतील निष्कर्ष आणि या कुटुंबांचे जीवन यांत अंतर आहे. ते अंतर कमी कसे करावे, हा प्रश्न वैज्ञानिकाइतकाच शिक्षकाचा, पत्रकाराचा आणि भाषेच्या अभ्यासकाचाही आहे, कारण ज्ञान लोकांच्या भाषेत पोहोचल्याखेरीज त्याचा उपयोग होत नाही.

४.६ कुष्ठरोगाविषयीचे कार्य

एका रोगाचा शोध घेताना दुसऱ्या रोगाची वाट सापडावी, असे विज्ञानात अनेकदा घडते. कुष्ठरोगाचा जंतू काचपात्रात वाढत नाही, ही संशोधकांपुढील मोठी अडचण होती. १९५८ च्या सुमारास डॉ. रणदिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऊतिसंवर्धनाच्या तंत्राने कुष्ठरुग्णाच्या शरीरातून मिळालेला एक जंतू वाढवण्यात यश मिळवले. त्यावरून पुढे लस तयार झाली आणि तिच्या चाचण्याही झाल्या. तो जंतू प्रत्यक्ष कुष्ठरोगाचा नसून त्याच्या जवळच्या कुळातील आहे, असे नंतरच्या तपासणीत दिसून आले. तरीही कुष्ठरोगाविरुद्ध शरीराची प्रतिकारशक्ती जागवण्याचा गुण त्यात होता. विज्ञानात एखादे अनुमान दुरुस्त होते, पण त्यामागचे काम वाया जात नाही, हे यावरून कळते.

१९६४ साली त्यांना भारतीय वैद्यक परिषदेचा रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार मिळाला. १९८२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले.

४.७ प्रयोगशाळेबाहेर

१९७३ साली अकरा सहकाऱ्यांसह त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. विज्ञानाची पदवी घेतलेल्या अनेक मुली विवाहानंतर किंवा मूल झाल्यावर काम सोडत. त्यांच्या बुद्धीत उणे नव्हते, परिस्थितीत होते. मूल कोठे ठेवावे, परगावी कोठे राहावे, हे साधे प्रश्न त्यांची वाट अडवीत. नवी मुंबईतील वाशी येथे या संघटनेने नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर चालवले, यातच तिची दृष्टी दिसते.

निवृत्तीनंतर त्या थांबल्या नाहीत. आपल्या जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, बीडच्या सीमेवर, अवर्षणाने गांजलेला पाथर्डी तालुका आहे. पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कुशीत, धो धो पावसाचा अकोले तालुका आहे. त्या तालुक्यातील आदिवासी वस्त्यांत डॉ. रणदिवे यांनी सत्यनिकेतन या स्वयंसेवी संस्थेच्या साथीने काम केले. मुलांचे पोषण कसे आहे, याची माहिती त्यांनी गोळा केली. खेड्यांतील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून प्रशिक्षण देण्याच्या आणि आरोग्यविषयक सल्ला देण्याच्या उपक्रमांतही त्यांनी भाग घेतला.

काचपात्रातील पेशीचे पोषण ज्यांनी आयुष्यभर मोजले, त्या आता कुडाच्या घरातील मुलाचे पोषण मोजत होत्या. या दोन कामांत विसंगती नाही. रोग झाल्यावर धावण्यापेक्षा त्याचे मूळ शोधावे, हाच विचार दोन्हींच्या मुळाशी आहे.

११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले. २०२१ साली त्यांच्या जन्मदिनी गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकवले, तेव्हा अनेक मराठी घरांना हे नाव प्रथमच कळले. ही आपल्या चरित्रवाङ्मयाची उणीव समजावी लागेल.

४.८ समारोप

या चरित्राचा अभ्यास करताना एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. ज्या आजाराविरुद्ध आयुष्य वेचले, तो आजार आजही आहे, मग हे आयुष्य सफल म्हणावे काय? रामबाण औषधाची अपेक्षा धरली, तर उत्तर नकारार्थी येईल. परंतु देशात नव्हती ती प्रयोगशाळा उभी राहिली, तीत काम करणारी पिढी तयार झाली, सुपारी-तंबाखूविषयीचे ज्ञान अधिक पक्के झाले, हे लक्षात घेतले तर उत्तर बदलते. परळच्या रुग्णालयात पाथर्डीहून आलेल्या रुग्णाचे निदान आज ज्या नेमकेपणाने होते, त्यामागे अशा अनेक अनाम वर्षांचे श्रम आहेत. कर्करोगाचे अनेक प्रकार वेळीच कळले तर बरे होतात. तोंडातील पांढरा चट्टा, न भरणारी जखम, स्तनातील गाठ यांकडे दुर्लक्ष न करता लवकर तपासणी करून घेणे, हे आज प्रत्येकाच्या हाती आहे.

वीरचरित्रात एक क्षण सर्वांवर मात करतो. वैज्ञानिकाच्या चरित्रात असा क्षण क्वचित येतो. तेथे सातत्य हेच शौर्य असते. डॉ. कमल रणदिवे यांच्या आयुष्याचे मोल त्या सातत्यात आहे.

४.९ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१) वडिलांची अपेक्षा आणि कमल यांनी निवडलेला मार्ग यांतील फरक सांगा. या निवडीचे परिणाम विशद करा.
२) कर्करोगाचे कारण शोधणे हे उपाय शोधण्याइतकेच महत्त्वाचे का आहे, ते दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.
३) डॉ. रणदिवे यांच्या प्रयोगशाळेतील आणि अकोले तालुक्यातील कार्यात कोणते समान सूत्र आढळते?
४) उपक्रम : तुमच्या गावातील आशा सेविका किंवा परिचारिका यांच्याशी बोलून, मिश्री व तंबाखू सोडण्याविषयी स्त्रियांशी कोणत्या शब्दांत बोलले जाते, याची नोंद करा. कोणाचेही नाव न घेता सुमारे दोनशे शब्दांत टिपण लिहा.